दोनशे साठ मोदक

यादीत एकशेपन्नास नावं होती. बाविसाव्या ओळीवर माझ्या बायकोचं नाव होतं, आणि इतर सगळ्यांसारखीच तिचीही कार्यक्रमाला येण्याची शक्यता मी ऐंशी टक्के धरली होती. मोदक तीच करणार होती. हॉलच्या स्वयंपाकघराची किल्लीही तिच्याच पर्समध्ये होती. तरी सूत्रात तिचे ऐंशी टक्के.

ही २०१६ सालच्या गणपतीची गोष्ट. त्या दिवशी तिने दोनशे एक्याऐंशी मोदक केले आणि त्यातला एकही तिच्या तोंडाला लागला नाही. हे मला कळलं तेव्हा ती जाऊन आठ दिवस झाले होते. एवढंच सांगायचं आहे, पण ते नीट सांगायचं तर आधी थोडं गणित सांगावं लागेल, कारण चूक गणितातून झाली. निदान पहिली चूक तरी.

मी कॅनडातल्या विंडसरला मोटारींचे भाग करणाऱ्या एका कारखान्यात सव्वीस वर्षं दर्जा तपासण्याच्या कामावर होतो. आमच्याकडे बोटाच्या पेराएवढी एक धातूची नळी बनायची. एका पाळीत हजारो. प्रत्येक नळी मोजणं शक्य नसे. मग पन्नास मोजायच्या, त्यांच्या जाडीची सरासरी काढायची, आणि त्या सरासरीच्या आजूबाजूला मापं किती पसरली आहेत ते पाहायचं. या पसरण्याच्या मापाला प्रमाण विचलन म्हणतात. बहुतेक नळ्या सरासरीजवळ असतात, थोड्या लांब, अगदी लांब फारच थोड्या. कागदावर काढलं तर देवळातल्या घंटेसारखा आकार दिसतो. हा आकार एकदा हाताशी आला की न मोजलेल्या हजारो नळ्यांपैकी किती वाया जातील हे जागेवर बसून सांगता येतं. मी सांगायचो, आणि ते खरं ठरायचं. सव्वीस वर्षं एखाद्या गोष्टीत खरं ठरत गेलं की माणसाला ती सवय लागते.

आमचं मराठी मंडळ लहान. विंडसरमधली चाळीसेक घरं, आणि नदीपलीकडून, अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या बाजूची काही. चतुर्थीनंतरच्या शनिवारी एका चर्चचं बेसमेंट भाड्याने घ्यायचं, दुपारी आरती, मग जेवण. जेवण सगळ्या घरांनी वाटून आणायचं. मोदक मात्र माझ्या बायकोचे, उकडीचे. ती रत्नागिरीकडची. मी नागपूरचा, आमच्याकडे तळलेले मोदक. लग्नानंतर पहिल्यांदा तिचा उकडीचा मोदक पाहिला तेव्हा, हा कच्चा का, असं मी विचारलं होतं, आणि पुढची चौतीस वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ती हे सांगत असे.

त्याच्या आदल्या वर्षी शंभरावर मोदक उरले होते. त्यामुळे त्या ऑगस्टमध्ये आमच्या घरी मंडळाची बैठक झाली तेव्हा विषय निघाला. मंडळाचे अध्यक्ष एक निवृत्त डॉक्टर होते, साठच्या दशकाच्या शेवटी इथे आलेले, सगळ्यांत जुने.

"वहिनी, गेल्या वर्षी आठवडाभर मोदकच खाल्ले मी," ते म्हणाले. "माझी शुगर बघून माझ्याच डॉक्टरने मला ओरडावं, म्हणजे काय."

"मग खायचे नव्हते," ती म्हणाली.

"टाकवतात होय? आणि तुमच्या बोटांचं काय? यंदा जरा बेताने करा. हे आपले घरात एवढे मोठे स्टॅटिस्टिक्सवाले बसलेत, त्यांना सांगा की एस्टिमेट द्यायला."

तिची बोटं दुखत होती हे खरं. त्या वर्षी डब्याचं झाकणही तिला माझ्याकडून उघडून घ्यावं लागे. मी आकडा काढायला घेतला तो तिच्या बोटांसाठी, असं मी तेव्हा म्हणालो, आणि पुढे बरेच दिवस तसंच मानत होतो. आज एवढं लिहायला बसलो आहे तर तेही नीट लिहितो. निवृत्त होऊन मला दोन वर्षं झाली होती आणि त्या दोन वर्षांत मला कुणी कसलाही आकडा विचारला नव्हता.

गेल्या सहा वर्षांच्या याद्या माझ्याकडे होत्या, कारण दारात बसून आलेल्यांच्या नावांपुढे खुणा करण्याचं काम दरवर्षी माझंच असे. 'येतो' म्हणून सांगणाऱ्या पाच जणांपैकी सरासरी चार जण येतात, असं त्यातून निघालं. म्हणजे ऐंशी टक्के. एकशेपन्नास नावं, त्यांचे ऐंशी टक्के एकशेवीस. विचलनाचं सूत्र लावलं, ते आलं पाच. सुरक्षिततेसाठी दोन विचलनं वर जायचं, म्हणजे एकशेतीस. असा कार्यक्रम शंभर वेळा केला तर सत्त्याण्णव वेळा एकशेतीसच्या वर माणसं येणार नाहीत. माणशी दोन मोदक, दोनशे साठ. नैवेद्याचे एकवीस वेगळे. अर्ध्या पानात बसलं सगळं. मी ते पान तिच्यापुढे ठेवलं तेव्हा ती नारळाची गोठलेली पाकिटं फ्रीझरमधून काढून मोजत होती.

"दीडशे माणसं धरा," तिने पानाकडे न बघता सांगितलं. "दोन-दोन. तीनशे. यात मोजायचं काय आहे?"

"सगळे दीडशे कधी आलेत आजवर?"

"आले तर?"

"शंभरात दोन-तीनदा येतील एकशेतीसच्या वर. तेही थोडेसेच."

"मग त्या दोन-तीनदा मी कुणाच्या तोंडाकडे बघू, तेवढं सांगून ठेवा."

तिच्या या बोलण्यामागे काय होतं हे मला माहीत होतं. आम्ही कॅनडात आलो त्या पहिल्या हिवाळ्यात टोरांटोजवळ कुणाच्या तरी घरी संक्रांतीला गेलो होतो. तिला आठवा महिना होता. वाढत वाढत तिच्यापर्यंत आले आणि पोळ्या संपल्या. घरची बाई फार ओशाळली, तिने ब्रेड भाजून दिला. घरी येताना गाडीत ती खिडकीकडे तोंड करून रडत होती आणि मी तिला, पोळीचं काय एवढं, असं म्हणालो होतो. तेव्हापासून तिचा एकच नियम होता. आपल्या हाताखालून कुणी घासाशिवाय परत जायला नको. आपल्याकडे येणारं माणूस घरापासून हजारो मैलांवर आलेलं असतं, ते त्या एका घासासाठीच बर्फातून निघतं, असं ती म्हणायची. एवढं सगळं माहीत असून मी तिला अर्ध्या पानाचं गणित समजावत बसलो.

मॉन्ट्रियलजवळ ब्रॉसार्डला राहणाऱ्या आमच्या मुलीचा तेवढ्यात फोन आला. तिने दोघांचं ऐकून घेतलं. "मॉम, लेट हिम हॅव धिस," ती म्हणाली. "इट्स जस्ट डिझर्ट."

माझ्या बायकोने नारळाची चार पाकिटं फ्रीझरमध्ये परत ठेवली.

शनिवारी पहाटेपासून ती उकड मळत होती. कुंडीतल्या हळदीची चारच पानं मिळाली, ती तिने मोदकपात्राच्या तळाला आलटून पालटून घातली. तिच्या मोदकाला अकरा कळ्या असत. दुखऱ्या बोटांनी त्या दिवशीही अकराच. मी मदतीला म्हणून सारणाचे गोळे करत होतो, आणि ते बरोबर दोनशे एक्याऐंशी झाले याचं मला समाधान वाटत होतं.

दुपारी दारात यादी घेऊन बसलो. तोवर त्या वर्षी काय बदललं होतं ते सांगायला हवं. पुण्याकडची तरुण इंजिनियर मंडळी गेल्या वर्षभरात बरीच आली होती. नवरा, बायको, लहान मुलं, आणि उन्हाळ्यात भेटीला आलेले आई-वडील. दोनच इमारतींत राहायची सगळी. फोनवर त्यांचा एक ग्रुप होता. त्यातला एक म्हणाला निघू या, की बारा घरं निघत. एकाच्या मुलाला ताप आला, की बाकीच्यांचाही बेत बारगळायचा. पलीकडच्या लोकांचंही तसंच. सरहद्दीच्या पुलावर गाड्यांची रांग लांब असली की त्यांच्यातलं कुणीच यायचं नाही. पूल मोकळा असला की सगळे.

त्या दिवशी कुणाला ताप नव्हता आणि पूल मोकळा होता.

एकशेअठ्ठेचाळीस माणसं आली. न आलेल्या दोघांपैकी एक बाई त्या दिवशी बाळंत होत होती आणि दुसरा तिचा नवरा होता.

माझ्या सूत्रात एक गृहीत धरलेलं असतं. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ते ठाऊक असतं. प्रत्येक नग दुसऱ्यापासून स्वतंत्र हवा. एक नळी जाड निघाली म्हणून शेजारची जाड निघत नाही. माणसांचं तसं नसतं. माणसं एकमेकांमुळे येतात आणि एकमेकांमुळे येत नाहीत. सहा वर्षांच्या याद्यांतही हे स्पष्ट होतं, एका वर्षी नव्वद टक्के, एका वर्षी साठ. मी त्यांची सरासरी काढली आणि तो चढउतार बघितलाच नाही. कारखान्यात कुणा शिकाऊने असं केलं असतं तर मी त्याला समोर बसवून पुन्हा करायला लावलं असतं.

पण आधी मी पहिली चूक म्हटलं, ती ही. दुसरीबद्दल मला बोलायला जास्त जड जातं.

खुणांची संख्या एकशेतीस झाली तेव्हा जेवणाची रांग नुकती कुठे सुरू झाली होती. तीसेक ताटं वाढून झाली असतील. दारातून अजून माणसं येत होती, चपला काढत होती, पोरं पळत होती. तेव्हाच उठून आत जाऊन म्हटलं असतं, एकेकच वाढा, तर सगळ्यांना पुरून उरलं असतं. दहा पावलांवर स्वयंपाकघर होतं. मी उठलो नाही. मनात म्हणत होतो, काही जण उपासाचे असतील, काहींना मधुमेह असेल, लहान मुलं दोन खात नाहीत. खरं म्हणजे तसं आत जाऊन सांगणं म्हणजे आकडा चुकला असं सगळ्यांसमोर कबूल करणं. मी पेन हातात धरून बसून राहिलो आणि नावांपुढे खुणा करत राहिलो.

लहान मुलांनी दोन खाऊन तिसरा मागितला. तिने दिला, ती कुणाला नाही म्हणत नसे. चाळीसेक माणसं रांगेत असताना मोदक संपले. मी दारातून पाहिलं तेव्हा ती देवापुढचं नैवेद्याचं ताट उचलून आणत होती. एकवीस मोदक. सुरीने एकेकाचे दोन भाग करून ती ताटांत ठेवू लागली. सारण बाहेर सांडत होतं, ते ती चमच्याने परत त्या अर्ध्यावर ठेवायची.

पुण्याहून मुलाकडे आलेल्या एक आजी ताट पुढे धरून म्हणाल्या, "अर्धा? आमच्याकडे मोदक मोडून वाढत नाहीत हो."

"आमच्याकडेही नाहीत," माझी बायको म्हणाली. "आज प्रसाद म्हणून घ्या."

"डॉलरमध्ये महाग पडतो वाटतं नारळ," आजींच्या मागून कुणीतरी म्हणालं, आणि जवळची माणसं हसली. ती पण हसली. आमच्या लग्नाच्या चौतीस वर्षांत तिचं ते हसू मी तीन-चारदाच पाहिलं असेल.

शेवटी एक अर्धा उरला. चर्चचा रखवालदार, एक उंच म्हातारा गोरा गृहस्थ, आवरून घ्यायला दारात येऊन उभा होता. तिने कागदाच्या बशीत तो अर्धा घालून त्याला दिला. "फॉर यू. इट इज ब्रोकन, सॉरी," असं म्हणाली. त्याचं नाव माझ्या यादीत नव्हतं.

घरी येताना गाडी मी चालवत होतो. नदीकाठच्या रस्त्याला लागलो तेव्हा मी बोलायला सुरुवात केली. नव्या लोकांची मागची माहितीच नव्हती, असे गट असले की विचलन वाढतं, वगैरे. तिने सगळं ऐकून घेतलं.

"तुमचं गणित बरोबरच असेल हो," ती म्हणाली. "माणसं चुकली."

मग थोड्या वेळाने, "पुढच्या वर्षी तीनशे करू," असं म्हणाली.

मी 'हो' म्हटलं. माफी म्हणून माझ्याकडून तिला जे काही मिळालं ते एवढंच, आणि तेही मी रस्त्याकडे बघत म्हटलं.

त्या हिवाळ्यात ती फार थकायला लागली. तपासण्या झाल्या. फेब्रुवारीत इस्पितळातल्या डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं, साधारण किती महिने. मी पुढे सरकलो. साधारण म्हणजे काय, सरासरी की मधला आकडा, किती जणांवरून काढलाय, पसरण किती, हे सगळे प्रश्न जिभेवर होते. तिने टेबलाखालून माझ्या मनगटावर हात ठेवला.

"विचारू नका," ती हळूच म्हणाली.

तेवढं मी ऐकलं.

औषधांच्या दिवसांत ती दुपारी खिडकीपाशी आरामखुर्चीत झोपायची. मी शेजारी पुस्तक घेऊन बसे. अशाच एका दुपारी पुस्तकातच खूण म्हणून घातलेल्या कागदावर मी तो हिशेब पुन्हा मांडला. दीडशे सुटी माणसं न धरता दहा-दहांचे पंधरा गट धरले, गट आला तर सगळा येतो, नाही तर कुणीच नाही. सरासरी तीच, एकशेवीस. विचलन मात्र पाचाचं पंधरा झालं. दोन विचलनं वर गेलं की एकशेपन्नास. माणशी दोन, तीनशे.

मी बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत होतो. फ्रीझरपाशी उभं राहून, पानाकडे न बघता, तिने हाच सांगितला होता.

ती जागी झाल्यावर सांगायचं असं ठरवलं. ती उठली तेव्हा तिला मळमळत होतं. मग म्हटलं, जरा बरं वाटेल त्या दिवशी सांगू. मग वाटलं, पुढच्या गणपतीच्या बैठकीत अध्यक्ष डॉक्टरांसमोर, सगळ्यांसमोर सांगू, तिला आवडेल. म्हणजे या बाबतीतही मी मनातल्या मनात एक अंदाज करून बसलो होतो, आणि तो ऑगस्टपर्यंतचा होता. तिने विचारू नका म्हटलं म्हणून मी विचारलं नाही, पण धरून मात्र चाललो. ती जुलैमध्ये गेली. कागद त्या पुस्तकात राहिला.

आठव्या दिवशी मंडळातल्या दोघीतिघी भेटायला आल्या. त्यांच्यातली एक तरुण मुलगी गणपतीच्या त्या दिवशी हॉलच्या स्वयंपाकघरात तिच्या हाताखाली होती. ती रडत नव्हती, बशीतल्या चहाकडे बघत बोलत होती.

"काकूंनी आम्हा पाच जणींना अर्धा-अर्धा आधीच काढून ठेवला होता, काका. मी म्हटलं, तुमचा? तर म्हणाल्या, मी करताना चाखलाय. पण त्या चाखत नाहीत ना नैवेद्याचं. आम्हाला माहीत होतं."

मलाही माहीत होतं. देवाला दाखवण्याआधी तिने आयुष्यात कधी सारणाचा कण जिभेवर ठेवला नाही. मीठसाखरेचा अंदाज ती वासावरून घेई. त्या संध्याकाळी घरी आल्यावर, तू खाल्लास का, एवढं मी विचारलं असतं तर तिला खोटं सांगावं लागलं असतं, आणि माझ्याशी तिला खोटं बोलता येत नसे. मी विचारलं नव्हतं. मला वाटतं मी तिला जेवणाऱ्यांत धरलंच नव्हतं. सूत्रात ऐंशी टक्के होती, आणि प्रत्यक्षात काहीच नाही.

ती गेल्याला वर्ष झालं नव्हतं म्हणून त्या वर्षी मी गणपतीला गेलो नाही. त्याच्या पुढच्या वर्षी मंडळाच्या अध्यक्ष डॉक्टरांचा फोन आला. आवाज थकला होता त्यांचा.

"यंदा फ्रोझन मोदक आणतोय टोरांटोजवळच्या वॉन गावातल्या एका दुकानातून. उकडायचे फक्त. किती बॉक्स सांगू? दोनशे नावं आहेत."

"चारशे मोदक सांगा," मी म्हटलं. "आणि वर दोन बॉक्स."

"उरतील हो."

"उरू देत."

"एस्टिमेट वगैरे नाही करणार?" ते जरा हसले.

"नाही," मी म्हटलं, आणि मग त्यांना त्या कागदाबद्दल सांगितलं. पंधरा गट, पंधराचं विचलन, तीनशे. त्यांनी सगळं ऐकलं. तिला सांगितलंत का हे, असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं.

त्या शनिवारी मी दारातलं काम दुसऱ्याला दिलं आणि स्वयंपाकघरात गेलो. मोदक यंत्राचे होते, सगळे एकसारखे, नऊ-नऊ कळ्यांचे. आरती झाली, नैवेद्य झाला, रांग सुरू झाली. तीच तरुण मुलगी मोदकपात्रावर होती, वाफेने चष्मा पांढरा झालेला. मी एका बशीत दोन मोदक घेतले, वर तूप घातलं आणि बशी तिच्यापुढे धरली.

"थांबा ना काका, मी नंतर खाते. आधी लोकांचं होऊ दे."

"नाही. आत्ता."

"रांग बघा केवढी आहे."

"असू दे. मी वाढतो तोवर."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग हात पुसले आणि बशी घेतली. मी झारा घेऊन तिच्या जागी उभा राहिलो. माझ्या हातून दोन मोदक फुटले, ते मी माझ्यासाठी बाजूला ठेवले. ती ओट्याला टेकून खात होती. दुसरा मोदक संपेपर्यंत मी वळून वळून बघत होतो.